मोदकाची पारी आणि रेसकारचं नाक

24 ऑक्टोबर 1965, मेक्सिको सिटी. रिची गिंथरची होंडा आरए272 पहिल्या फेरीपासून पासष्टाव्या फेरीपर्यंत सगळ्यांच्या पुढे राहिली आणि होंडानं फॉर्म्युला वनमधली पहिली शर्यत जिंकली. तो काळ प्रायोजकांचा नव्हता, देशांच्या रंगांचा होता. इंग्लंड हिरवा, इटली लाल, फ्रान्स निळा. जपानची गाडी हस्तिदंती पांढरी आणि तिच्या नाकावर लाल सूर्य.

ही गाडी जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीनं 1/20 प्रमाणात, प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचं किट म्हणून काढली. बांधून झाली की वीतभर होते. इंजिन, सस्पेन्शन, चाकं जोडताना मला फारसा त्रास झाला नाही. अडलो तो त्या सूर्यापाशी. पाण्यात भिजवून डिकल (छापील चित्राचा पातळ पापुद्रा) सरकवलं, मधोमध बसवलं आणि पाहतो तर कडेला चार चुण्या. बोटानं दाबली की एक बसायची आणि शेजारी दुसरी उठायची. संध्याकाळभर हा खेळ चालला होता. चूक हाताची नव्हती, भूमितीची होती, हे मला फार उशिरा कळलं.

डिकल म्हणजे नेमकं काय, ते आधी पाहू. सगळ्यात खाली शोषक कागद. त्यावर डेक्स्ट्रिनचा थर. डेक्स्ट्रिन म्हणजे स्टार्च भाजून त्याच्या लांब साखळ्या तोडल्या की मिळणारा डिंक; जुन्या पाकिटांच्या कडेला जीभ लावली की लागायची ती गोडसर चव बरेचदा त्याचीच. त्यावर लाखेसारखी पारदर्शक फिल्म आणि तिच्यावर (कधी तिच्या पोटात) शाई. कागद पाण्यात घातला की पाणी मागच्या बाजूनं आत शिरतं, डेक्स्ट्रिन विरघळू लागतं आणि फिल्म सुटी होऊन सरकते. पाणी कोमट असेल तर काम लवकर होतं. पण डिकल पाण्यातच तरंगत ठेवलं तर सगळा डिंक वाहून जातो आणि ते चिकटायचंच विसरतं. दहा-पंधरा सेकंद बुडवून बाहेर काढावं आणि कागदातल्या ओलाव्याला त्याचं काम करू द्यावं.

आता चुण्या. 1827 साली कार्ल फ्रीडरिश गाउस या जर्मन गणितज्ञानं वक्र पृष्ठांबद्दलचं एक प्रमेय मांडलं. सोप्या शब्दांत ते असं: सपाट पत्रा न ताणता, न आकसता, न फाडता फक्त एकाच दिशेनं वाकवता येतो. पोळीची सुरळी होते, पोळीचा चेंडू होत नाही. पृथ्वीचा नकाशा सपाट कागदावर काढताना ग्रीनलंड अवाढव्य दिसतं, त्याच्या मुळाशीही हेच आहे.

उकडीचे मोदक ज्यांनी केलेत त्यांना गाउस वेगळा शिकवावा लागत नाही. पारी सपाट गोल असते. तिची वाटी करायला लागलो की कडेला जास्तीची लांबी उरते, आणि ती लांबी कुठेतरी मुरवावीच लागते. मोदकाच्या कळ्या म्हणजे ती उरलेली लांबी. पारीला कळ्या शोभतात, सूर्याला शोभत नाहीत.

किती लांबी उरते, ते आकड्यांत पाहू. समजा गाडीचं नाक 15 मिलिमीटर त्रिज्येच्या चेंडूसारखं आहे आणि त्यावर 20 मिलिमीटर व्यासाचा गोल बसवायचा आहे. सपाट असताना त्या गोलाचा घेर जवळजवळ 63 मिलिमीटर असतो. नाकावर मात्र त्याच्या कडेला जागा मिळते 58 मिलिमीटरची. साडेचार मिलिमीटर फिल्म जास्त, म्हणजे सात टक्के. गाडीच्या मागच्या बाजूला, जिथे अंग बाटलीच्या गळ्यासारखं आत जातं, तिथे उलटा प्रकार. तिथला आकार खोगिरासारखा, म्हणून कडेला फिल्म कमी पडते आणि फाटते. अनुभवी मंडळी चुणीच्या जागी नव्या कोऱ्या पात्यानं बारीक चीर देतात. शिंपी कापडाला टक्स घालतो, तसंच हे.

पण चीर न देता सात टक्के जिरवायचे असतील तर फिल्मचा स्वभावच बदलावा लागतो. त्यासाठी सॉफ्टनर नावाच्या छोट्या बाटल्या मिळतात. मायक्रो सोल, मिस्टर मार्क सॉफ्टर ही त्यांतली नेहमी ऐकू येणारी नावं. त्यांचं काम समजायला पावसाळ्यातला पापड पुरे. कोरडा पापड कडकन मोडतो. दोन दिवस उघडा राहिला की सादळतो, वाकतो, पण मोडत नाही. पाण्याचे छोटे रेणू स्टार्चच्या लांब साखळ्यांमध्ये शिरतात, साखळ्यांना एकमेकींवरून घसरायला जागा मिळते आणि पदार्थ काचेसारखा न राहता चामड्यासारखा होतो. प्रत्येक बहुवारिकाला (पॉलिमरला) असं एक तापमान असतं, ज्याच्या खाली तो काचेसारखा कडक आणि वर लवचीक. किटच्या पॉलिस्टायरीनसाठी ते साधारण 100 अंश सेल्सिअस आहे. साखळ्यांत छोटे रेणू घुसले की हे तापमान खाली उतरतं. सॉफ्टनर डिकलच्या फिल्मला मुद्दाम सादळवतो, इतकं की खोलीच्या तापमानालाच ती लोळागोळा व्हायच्या बेतात येते.

इथे धीर लागतो. सॉफ्टनर लावल्यावर मिनिटभरात डिकल आधी होतं त्याहून वाईट दिसतं, सगळीकडून आक्रसल्यासारखं. नवखा माणूस घाबरून बोट लावतो आणि शाईसकट फिल्म बोटाला येते. हात लावू नये. द्रव उडून जाताना फिल्म हळूहळू खाली बसते, दारांच्या फटींत उतरते, रिव्हेटच्या टाचणीएवढ्या डोक्यांवर चढते. माझा सूर्य शेवटी असाच बसला, तीन वेळा सॉफ्टनर लावून, दर वेळी तासभर वाट पाहून.

किटचे भाग जोडणारं पातळ सिमेंटही याच तत्त्वावर चालतं, फक्त जास्त जोरात. ते पॉलिस्टायरीनच मऊ करतं, दोन भागांच्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि द्रावक उडून गेल्यावर सांधा राहत नाही, एकच प्लॅस्टिक उरतं. म्हणूनच जहाल सॉफ्टनर आणि कच्चा रंग यांची गाठ घालू नये. डिकलसाठी घातलेलं औषध खालच्या रंगालाही लागू पडतं.

यानंतरचा शत्रू म्हणजे हवा. नीट वाळलेलं डिकल काही वेळा तिरप्या उजेडात चंदेरी दिसतं. पारदर्शक फिल्म असायला हवी तिथे पांढुरकी झाक. मॉडेलवाले याला सिल्व्हरिंग म्हणतात. प्रकाश एका पदार्थातून दुसऱ्यात जाताना दोघांच्या अपवर्तनांकांत (पदार्थ प्रकाशाला किती वळवतो, ते सांगणाऱ्या आकड्यांत) जितका फरक तितका जास्त परावर्तित होतो. फिल्मचा अपवर्तनांक 1.5 च्या आसपास, हवेचा 1. या सीमेवर सरळ पडलेल्या प्रकाशातला सुमारे 4 टक्के परततो. फिल्मखाली हवेचा पापुद्रा अडकला तर अशा दोन सीमा तयार होतात, म्हणजे 8 टक्के. उलट फिल्म थेट रंगाला टेकली असेल, तर दोघांचे अंक जवळजवळ सारखे असल्यानं परतणारा प्रकाश एका टक्क्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास येतो. सीमा डोळ्यांपुरती नाहीशी होते.

हेच भज्यांच्या कागदावर रोज घडतं. कोरडा कागद पांढरा दिसतो, कारण तंतूंमधली हवा प्रकाश उधळून लावते. तेल त्या पोकळ्यांत शिरलं की तेलाचा आणि तंतूंचा अपवर्तनांक जुळतो आणि त्या डागातून खालची अक्षरं वाचता येतात. डिकल लावणाऱ्यानं डोळ्यांसमोर हा तेलकट डाग ठेवावा. मॅट रंग सूक्ष्मदर्शकाखाली डोंगरदऱ्यांसारखा असतो आणि प्रत्येक दरीत हवा दडते. म्हणून डिकलच्या आधी चकचकीत क्लिअर कोट (पारदर्शक लॅकरचा थर) मारायचा, पृष्ठभाग सपाट करायचा. मॅट हवं असेल तर नंतर मॅट करता येतं.

पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर पाणी स्वतःच मदतीला येतं. शाळेच्या प्रयोगशाळेत दोन ओल्या काचपट्ट्या एकमेकींना चिकटलेल्या आठवतात? फिल्म आणि रंग यांच्यात 10 मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची, पाण्याची फट उरली असेल तर पृष्ठताणामुळे फिल्म खाली खेचली जाते ती हवेच्या दाबाच्या सातव्या हिश्शाएवढ्या जोरानं. फट अरुंद होत जाते तशी पकड वाढते. बोटाच्या दाबापेक्षा ही पकड कितीतरी समान असते, म्हणून मी आता टिशूनं पाणी टिपतो आणि बाकीचं पृष्ठताणावर सोपवतो.

रंगांचीही एक गोष्ट आहे. 1979 ची लोटस 79 ही रेसकार गडद हिरवी होती आणि तिच्यावर मार्टिनी या मद्य कंपनीचे लाल-निळे पट्टे. छपाईची लाल शाई पातळ थरात बरीचशी पारदर्शक असते. ती हिरव्यावर पडली तर तपकिरी, मळकट दिसणार. म्हणून लालच्या खाली आधी पांढरा छापतात. चांगली डिकल्स अजूनही स्क्रीन प्रिंटिंगनं होतात, आपल्याकडच्या जुन्या लग्नपत्रिकांसारखी: एकेका रंगाची जाळी, एकेक हात. पांढरा केसभर सरकला की लाल पट्ट्याला पांढरी किनार दिसते आणि वीतभर गाडीवर ती डोळ्यांत खुपते. घरच्या इंकजेट प्रिंटरनं डिकल छापू पाहणाऱ्यांची अडचण इथेच येते, कारण त्याच्यात पांढरी शाईच नसते.

जाडीलाही प्रमाण असतं. 10 मायक्रॉनची फिल्म 1/20 च्या गाडीवर असेल तर खऱ्या गाडीवर ती 0.2 मिलिमीटर झाली, जवळजवळ विनाइल स्टिकरएवढी, म्हणजे ठीक. पण फिल्म 40 मायक्रॉनची असेल तर खऱ्या गाडीवर जवळपास मिलिमीटरभर जाडीची पाटी ठोकल्यासारखं होईल. आपला डोळा ही कडेची सावली बरोबर पकडतो आणि मेंदूला सांगतो, हे खेळणं आहे. क्लिअर कोटचे थर देऊन, 2000 नंबरच्या पॉलिश पेपरनं ओलं घासून ही पायरी बुजवतात. पहिले थर अगदी धुक्यासारखे द्यावेत, एकदम ओला थर दिला तर लॅकरमधलं द्रावक डिकललाच खातं. आणि मुंबई-कोकणात जुलैमध्ये लॅकर मारूच नये: द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतलं बाष्प त्यावर जमतं आणि चकचकीत थर दुधाळ होतो.

1968 साली लोटसनं हिरवा रंग सोडून गोल्ड लीफ सिगारेटच्या लाल-पांढऱ्या-सोनेरी रंगांत गाडी उतरवली आणि पुढची कित्येक वर्षं शर्यतीच्या गाड्या तंबाखूच्या पैशावर धावल्या. आज बहुतेक किटमध्ये ती नावं नसतात. 1988 ची मॅक्लारेन, 16 पैकी 15 शर्यती जिंकणारी, अर्धी मुकी होऊन खोक्यातून बाहेर येते. नावं हवी असतील तर स्वतंत्र छापखान्यांची डिकल्स घ्यावी लागतात. मुलांच्या हाती जाणाऱ्या खोक्यावर सिगारेट नको, हे मला पटतं. तरी मोठ्या माणसाच्या कपाटातली गाडी तिच्या दिवशी होती तशीच दिसावी, असंही वाटतं.

होंडाच्या सूर्याला असली अडचण नाही, त्याची अडचण वयाची. जुन्या संचातली फिल्म पिवळी पडते, कारण लाखेचे रेणू हवेतल्या ऑक्सिजनशी जुळत जाऊन निळा प्रकाश शोषणारे गट तयार होतात. उपाय जुना आहे: डिकलचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून उन्हाच्या खिडकीला चिकटवायचा. अतिनील किरण ते गट मोडतात आणि पिवळेपणा उतरतो. पण तेच किरण लाल रंगद्रव्यही मोडतात. माझ्याकडच्या दुसऱ्या संचाचा सूर्य सध्या दक्षिणेच्या खिडकीत, ऑक्टोबरच्या उन्हात लावलाय. अर्ध्या सूर्यावर काळा कागद डकवलाय. रोज संध्याकाळी तो उचलून दोन्ही अर्धांचा लाल ताडून पाहतो. आज सहावा दिवस, फिल्म बरीच स्वच्छ झालीये आणि लाल अजून एकसारखा आहे.