स्टॅनफर्डचं झाड आलं कुठून?

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात मैदानाच्या कडेला एक झाड नाचत असतं. बटबटीत डोळे, मोठं तोंड, पानांचा घोळदार झगा. पाहणाऱ्याला वाटतं, हाच या विद्यापीठाचा शुभंकर. विद्यापीठाच्या दप्तरी मात्र असा कुठलाही शुभंकर नाही. तिथल्या संघांचं नाव आहे 'कार्डिनल', तेही एकवचनी, आणि त्याचा अर्थ पक्षी नव्हे, फक्त गडद लाल रंग.

याचं मूळ १९३० सालात आहे. त्या वर्षी विद्यापीठाने 'इंडियन' हे चिन्ह अधिकृतपणे स्वीकारलं. हा इंडियन म्हणजे अमेरिकेचा मूळनिवासी. व्यंगचित्रांत तो बुटका आणि भल्यामोठ्या नाकाचा दाखवला जाई. पुढे युरोक जमातीचे टिम विल्यम्स 'प्रिन्स लाइटफूट' या नावाने सामन्यांच्या वेळी पिसांचा शिरपेच घालून नाचू लागले. ते स्वतः मूळनिवासी होते, त्यामुळे यात कुणाचा अपमान होत असेल हे बऱ्याच जणांच्या मनातही येत नसे.

१९७० च्या सुमारास मूळनिवासी विद्यार्थी स्टॅनफर्डमध्ये पहिल्यांदाच लक्षात येण्याइतक्या संख्येने आले आणि त्यांनी आधी या नाचालाच आक्षेप घेतला. १९७२ मध्ये पंचावन्न मूळनिवासी विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांनी अर्ज दिला, की आमची माणसं, आमचे विधी हे खेळातलं सोंग नव्हे. विद्यार्थी सिनेटने, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधी मंडळाने, त्यांची बाजू घेतली, विद्यापीठाचे अध्यक्ष रिचर्ड लायमन यांनी निर्णय केला आणि 'इंडियन' गेला. माजी विद्यार्थ्यांत यावरून बरीच वर्षं धुसफूस चालली. तरीही मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोलाची घटना हीच वाटते. ज्यांचं चित्र लावलं होतं, त्यांचं म्हणणं बेचाळीस वर्षांनी का होईना, ऐकलं गेलं. अमेरिकेच्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने असल्या चिन्हांविरुद्ध धोरण आणलं ते २००५ मध्ये, म्हणजे त्यानंतर तेहेतीस वर्षांनी.

आता नवं काय घ्यायचं? १९७५ मध्ये विद्यार्थ्यांचं मतदान झालं. पर्यायांत सेक्वॉया हा महाकाय वृक्ष होता, नुसती 'झाडं' होती, रेल्वेवालेही होते. सर्वाधिक मतं पडली 'रॉबर बॅरन्स'ला. एकोणिसाव्या शतकात मक्तेदारीवर गब्बर झालेल्या अमेरिकी धनाढ्यांना हे नाव पडलं होतं, आणि विद्यापीठाचे संस्थापक लेलँड स्टॅनफर्ड हे त्यांतलेच एक रेल्वेसम्राट. विद्यार्थ्यांचा नेम अचूक होता! प्रशासनाने तो कौल मानला नाही. मत मागायचं आणि उत्तर आवडलं नाही म्हणून बाजूला सारायचं, हे मला पटत नाही.

त्याच वर्षी विद्यार्थ्यांच्या बँडने मध्यंतरात स्वतःच शुभंकरांचे काही नमुने मैदानात उतरवले. वाफाळणारं मॅनहोल होतं, फ्रेंच फ्राय होता आणि एक झाड होतं. लोकांना झाड आवडलं आणि ते राहिलं. अर्थात झाड काही हवेतून आलं नव्हतं. शेजारच्या पालो आल्टो गावात हजार वर्षांहून जुना एक रेडवूड वृक्ष उभा आहे. त्याचं नाव 'एल पालो आल्टो', म्हणजे उंच खांब. गावाला नाव त्याचंच आणि विद्यापीठाच्या मुद्रेवरही तोच.

१९७८ मध्ये सव्वादोनशे खेळाडूंनी पंख असलेल्या सिंहासारख्या ग्रिफिनची मागणी केली, ती मान्य झाली नाही. अखेर १९८१ मध्ये अध्यक्ष डोनाल्ड केनेडी यांनी संघांची ओळख कार्डिनल रंग हीच राहील असं जाहीर केलं.

झाड आजही बँडचंच आहे. आत कोण शिरणार हे बँड ठरवतो. त्यासाठी इच्छुकांना चित्रविचित्र कसरती करून दाखवाव्या लागतात आणि जो निवडला जातो त्याने आपला पोशाख आपणच शिवायचा असतो. त्यामुळे एका वर्षीचं झाड दुसऱ्या वर्षीच्या झाडासारखं दिसत नाही.