वाघाची शेपूट आणि म्हशीचा पान्हा

परवा खानापुरात मामांकडे 'अ‍ॅनिमल पार्क' बघत होतो. इंग्लंडमधल्या लाँगलीट सफारी पार्कातले प्राणी आणि त्यांना सांभाळणारी माणसं यांच्यावरची बीबीसीची ही मालिका 2000 साली सुरू झाली. मामा म्हणाले, "जीव लावला की वाघसुद्धा माणसाळतोय बघ."

नाही माणसाळत. जीव लावणारे रक्षकसुद्धा मधली जाळी काढत नाहीत. गंमत म्हणजे 1966 साली हे पार्क उभं करण्यात जिमी चिपरफील्ड हा सर्कसवाला होता. आता मात्र चांगल्या प्राणिसंग्रहालयांत चाबूक नाही, शिट्टी असते.

समजा, वाघाचं रक्त तपासायचंय. बेशुद्ध करायचं तर आधी उपाशी ठेवा, नाहीतर उलटी श्वासनलिकेत जाते. शिवाय अंगाचं तापमान बिघडण्याचा धोका. त्याऐवजी वाघ जाळीला समांतर आडवा होतो, खालच्या फटीतून शेपूट बाहेर ओढून घेऊ देतो आणि डॉक्टर शेपटीच्या शिरेतून रक्त काढतात. हे शिकवायला काही महिने लागतात. साधन एवढंच: मांसाचे तुकडे आणि शिट्टी.

मांस तर आहेच, मग शिट्टी कशाला? तुकडा चिमट्यात धरून वाघाच्या तोंडाशी न्यायला दोन सेकंद जातात. तेवढ्यात वाघाने मान वळवली, तर बक्षीस मान वळवल्याचं ठरतं. शिट्टी नेमका तो क्षण पकडते: शेपूट स्थिर होती, 'तेव्हाचं' हे मांस.

मेंदूत काय होतं ते मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर दाखवलं. फळांच्या रसाचा थेंब अचानक मिळाला की मध्यमेंदूतल्या, डोपामाइन हे रसायन सोडणाऱ्या पेशी जोरात चेततात. थेंबाआधी दर वेळी खूण दिली, की काही दिवसांनी पेशी खुणेलाच चेततात, प्रत्यक्ष रसाला फारशा नाहीत. आणि खूण होऊन रस आलाच नाही, तर नेमक्या त्या वेळी त्यांचं चेतणं नेहमीपेक्षाही खाली जातं. म्हणजे पेशी रस मोजत नाहीत, मिळालेलं वजा अपेक्षित, ही वजाबाकी करतात. उत्तर धन आलं की आधीची कृती पक्की होते, ऋण आलं की सैल. शिट्टी फुकट वाजवून चालत नाही ती यामुळे.

बेळगावजवळच्या भुतरामहट्टीच्या प्राणिसंग्रहालयात कठड्याशी उभी राहून पोरं वाघाला शिट्ट्या मारतात. वाघ ढिम्म. त्या शिट्टीमागे कधी मांस आलेलंच नाही! (वाघनख गळ्यात घातलं की धाडस येतं म्हणणारेही त्याच गर्दीत भेटतात. धाडसाचं माहीत नाही, पण 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली कोठडी नक्की.)

हे सगळं मामांना सांगितलं, तर डोपामाइनपाशीच त्यांचा डोळा लागला. मामी मात्र चुलीपाशी ऐकत होत्या. "आमच्या म्हशीचं असंच की. बादलीचा खणखणाट ऐकला की पान्हा सोडतीय, अजून कासेला हात लागायचाय."

अगदी तेच. कासेला हात लागण्याआधी, नुसत्या आवाजाने ऑक्सिटोसिन हे पान्हा सोडवणारं संप्रेरक रक्तात उतरतं आणि सडांत दूध येतं.

"आणि गेल्या साली प्लास्टिकची बादली आणली," मामी म्हणाल्या, "तर दोन दिवस दूध चोरलं तिनं."