पार्श्वभूमी : ध्रुवीय मोहिमांच्या निगेटिव्ह इंटरनेटवर आल्या, त्यामागे

केंब्रिजमधल्या ध्रुवीय संशोधन संस्थेने 2009 मध्ये 1845 ते 1960 या काळातल्या 20,000 हून अधिक निगेटिव्ह स्कॅन करून इंटरनेटवर मांडल्या. त्याआधी त्या पाहायच्या तर संग्रहापर्यंत जावे लागे. बाकीच्यांना पुस्तकांतल्या त्याच त्या मोजक्या फोटोंवर भागवावे लागे.

अशा काही निगेटिव्ह टिकल्या हेच विशेष. 1897 मध्ये बलूनने उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या तीन स्वीडिश प्रवाशांची फिल्म 1930 मध्ये क्विटोया बेटावर सापडली. 33 वर्षांनी धुतल्यावर 240 पैकी 93 फ्रेम हाती लागल्या. 1915 मध्ये शॅकल्टनच्या अंटार्क्टिक मोहिमेचे जहाज ‘एंड्युरन्स’ बर्फात चिरडल्यावर मोहिमेच्या छायाचित्रकाराने गोठलेल्या पाण्यात शिरून निगेटिव्ह काढल्या. ओझे परवडत नव्हते, म्हणून सुमारे 120 ठेवून 400 प्लेटा, म्हणजे काचेवरच्या निगेटिव्ह, बर्फावरच फोडल्या.

स्कॅनिंग सुरू झाले तसा जुना वाद वर आला: ‘मूळ’ म्हणून दाखवायचे काय, प्रिंट की निगेटिव्ह? प्रिंटच्या बाजूचे म्हणतात, छायाचित्रकाराने पूर्ण केलेली कृती तीच. पण त्या काळी दुसऱ्या प्लेटवरचे ढग आणून रिकाम्या आकाशात बसवणे सर्रास चाले. त्याच ‘एंड्युरन्स’ मोहिमेची माणसे अडकलेल्या एलिफंट बेटावरची एक फ्रेम तर 24 एप्रिल 1916 ची, मदत आणायला होडी निघाली तेव्हाची. पुढे फेरफार करून तीच 30 ऑगस्टच्या सुटकेचा प्रसंग म्हणून दाखवली गेली. प्रिंटवर विसंबले तर चार महिन्यांची चूक इतिहासात जाते. निगेटिव्हही निर्दोष नसते, तिच्यावरही खरवडून फेरफार केले जात. पण प्लेट कडांसकट, न कापता, डाग न पुसता स्कॅन केली की त्या खुणा ज्याला-त्याला तपासता येतात. स्वच्छ केलेली प्रत हवी तर वेगळी ठेवावी, मूळ स्कॅनच्या मास्टर फाइलला हात लावू नये. आमच्या मते यात तडजोडीला जागा नाही.

प्रत्यक्ष काम असे चालते. नायट्राइल हातमोजे घालून प्लेट कडांनी धरायची, काचेच्या बाजूची धूळ ब्लोअरने उडवायची, इमल्शनला, म्हणजे प्रतिमा असलेल्या थराला, ब्रशही लावायचा नाही. प्लेट लाइट टेबलवर, इमल्शन लेन्सकडे. त्यामुळे प्रतिमा आरशातल्यासारखी येते आणि नंतर सॉफ्टवेअरमध्ये पलटावी लागते. हे राहून गेले की अंटार्क्टिकातल्या एरेबस पर्वताची डावी सोंड उजवीकडे जाते. फ्रेममध्ये अक्षरे नसतील तर कोटाची बटणे किंवा नकाशा यांच्याशी ताडूनच चूक सापडते. साडेसहा बाय साडेआठ इंची प्लेट 1200 पीपीआय (दर इंचाला 1200 बिंदू) आणि 16 बिट ग्रेस्केलला घेतली तर टिफ फाइल सुमारे 160 मेगाबाइटची होते. जुनी सेल्युलोज नायट्रेटची फिल्म पिवळी, चिकट आणि उग्र वासाची झाली असेल तर ती काचेखाली दाबायची नाही: इमल्शन उचकटते, शिवाय फिल्म ज्वालाग्राही. अंटार्क्टिकातल्या केप इव्हान्स इथल्या मोहिमेच्या झोपडीत सापडलेल्या 22 नायट्रेट निगेटिव्ह एकमेकींना चिकटल्या होत्या. 2013 मध्ये त्यांतली चित्रे प्रसिद्ध झाली, तीही आधी एकेक निगेटिव्ह सुटी केल्यावरच.

हक्कांचा गुंता अलीकडे थोडा सुटला. मुदत संपलेल्या फोटोच्या हुबेहूब स्कॅनवर नवा कॉपीराइट सांगण्याची प्रथा ब्रिटनमध्ये रूढ होती. नोव्हेंबर 2023 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने, एका वेगळ्याच खटल्यात, निर्मात्याची स्वतःची बौद्धिक निर्मिती हीच कसोटी ठरवली. तिच्यावर असा स्कॅन टिकणे अवघड.

फोटोओळींचे काम मात्र मागे आहे. आर्क्टिकच्या जुन्या फोटोंत गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे असतात आणि शेजारच्या इनुइट माणसाची केवळ ‘एस्किमो’ एवढीच नोंद. कॅनडात या शतकाच्या सुरुवातीपासून नुनावुत या इनुइटबहुल प्रदेशातल्या वडीलधाऱ्यांना असे फोटो दाखवून नावे मिळवली जात आहेत. मिळालेले नाव, ते कोणी सांगितले आणि जुनी फोटोओळ यांना डेटाबेसमध्ये तीन स्वतंत्र रकाने हवेत. जुन्या ओळीवर नवी लिहिली तर आधी काय चुकले होते याचा माग राहत नाही, आणि नाव जुन्या ओळीतच कोंबले तर नातवंडांनी आजोबांच्या नावाने शोधले तरी फोटो हमखास सापडेलच असे नाही.