४,२९,४९,६७,२९७ : मूळ म्हणून खपलेली संख्या

२ चा ३२ वा घात घेऊन त्यात १ मिळवला की ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या येते. दिसायला साधीच. पण जवळजवळ शंभर वर्षे तिला मूळ संख्या मानण्यामागे पिएर द फर्मा या फ्रेंच गणितज्ञाचा शब्द होता.

फर्माने १६४० मध्ये पत्रांतून मांडले की, २ चा १, २, ४, ८, १६ असा दुपटीने वाढणारा घात घेऊन त्यात १ मिळवला तर दर वेळी मूळ संख्याच मिळेल. ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या पहिल्या पाच खरोखरच मूळ आहेत. सहावी ही. सिद्धता हाती नाही हे त्याने कबूल केले होते, खात्री मात्र पक्की होती.

डिसेंबर १७२९ मध्ये गोल्डबाख या गणितज्ञाने एका पत्राच्या ता. क. मध्ये ऑयलर या गणितज्ञाला याबद्दल विचारले. १७३२ मध्ये ऑयलरने उत्तर दिले: ६४१ × ६७,००,४१७. हा अवयव कसा सापडला ते त्याने बऱ्याच वर्षांनी उलगडले. या संख्येचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीहून १ ने जास्तच असावा लागतो. म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७ तपासायचे. पाचवा भागाकार ६४१ चा, आणि तो निःशेष जातो. एवढे फर्माने का केले नसावे? अशाच युक्तीने त्याने १६४० मध्येच २ च्या ३७ व्या घातातून १ वजा केल्यावर येणाऱ्या संख्येचा २२३ हा अवयव काढला होता. मला तरी याचेच सर्वांत नवल वाटते.

या संख्येचा एक गुण फसवा आहे, हेही खरे. फर्माच्याच प्रमेयानुसार, २ पेक्षा मोठी कोणतीही मूळ संख्या घ्या. घातांक तिच्याहून १ ने लहान ठेवून २ चा घात करा आणि त्याला तिनेच भागले तर बाकी १ उरते. आपली संख्या मूळ नसूनही या परीक्षेत उत्तीर्ण होते. नुसती हीच नव्हे, फर्माच्या साच्यातली प्रत्येक संख्या होते, कारण ती २ च्याच घातावर उभी आहे. २ ऐवजी ३ घेतला की सोंग उघडे पडते. या साच्यातली संख्या मूळ आहे की नाही हे ठरवणारी कसोटी पेपँ या गणितज्ञाने १८७७ मध्ये दिली; त्याने तीत ५ घेतला होता, आता ती ३ घेऊनच वापरतात.

दरम्यान गाउसने या साच्याला भूमितीत नेले. १७९६ मध्ये त्याने १७ बाजूंचा सुसम बहुभुज पट्टी-कंपासने काढता येतो हे सिद्ध केले. या साच्यातल्या वेगवेगळ्या मूळ संख्यांच्या गुणाकाराइतक्या बाजू असल्या तरी बहुभुज तसाच काढता येतो. ३ ते ६५,५३७ या पाचही मूळ संख्यांचा गुणाकार ४,२९,४९,६७,२९५ येतो, आपल्या संख्येहून फक्त २ ने कमी. पट्टी-कंपासने काढता येतील अशा विषम बाजूंच्या ज्ञात सुसम बहुभुजांत इतक्या बाजूंचा बहुभुज सर्वांत मोठा आहे. कागदावर मात्र तो वर्तुळापेक्षा वेगळा ओळखू येणार नाही.

साच्यातल्या पुढच्या, वीस अंकी संख्येचा २,७४,१७७ हा अवयव १८८० मध्ये लांद्रीने शोधला. ६५,५३७ नंतर या साच्यात एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही.