बँकेवर निर्बंध आले तर विम्याचे पाच लाख कसे मिळतात?

बँकेच्या दारावर रिझर्व्ह बँकेची नोटीस लागली की पोटात गोळा येतो. अशा वेळी उपयोगी पडतो तो ठेव विमा. तो देते रिझर्व्ह बँकेचीच उपकंपनी, डीआयसीजीसी. हा विमा काढावा लागत नाही. त्याचा हप्ता बँक भरते, खातेदाराकडून घेत नाही.

संरक्षण आहे प्रत्येक खातेदाराला, प्रत्येक बँकेत 5 लाख रुपयांपर्यंत. 4 फेब्रुवारी 2020 पूर्वी ही मर्यादा 1 लाख होती. बचत, चालू, मुदत आणि आवर्ती ही सगळी खाती त्यात येतात. पण हे 5 लाख मुद्दल आणि व्याज मिळून आहेत, आणि नेमकं इथेच लोक फसतात. बरोब्बर 5 लाखांची एफडी केली, तर तिच्यावरचं व्याज विम्याबाहेर राहतं. एकाच बँकेच्या तीन शाखांत पैसे वाटले तरी बेरीज एकच धरतात. वेगळ्या बँकेत ठेवले, तर मर्यादा वेगळी. संयुक्त खातं स्वतंत्र धरलं जातं. त्याच बँकेत कर्ज थकलं असेल तर ती रक्कम वजा होऊ शकते.

सरकारी, खासगी, ग्रामीण, स्मॉल फायनान्स, पेमेंट्स आणि सहकारी बँकांना हा विमा आहे. पतसंस्थेला नाही. पतसंस्थेची पाटी कितीही बँकेसारखी दिसो, पासबुक कितीही गुळगुळीत असो, ती बँक नव्हे. शंका असेल तर डीआयसीजीसीच्या संकेतस्थळावर विमाधारक बँकांची यादी आहे, त्यात नाव शोधावं.

आता प्रत्यक्ष प्रक्रिया. पैसे काढण्यावर सरसकट निर्बंध आले, की ठेव विम्याच्या कायद्यात 1 सप्टेंबर 2021 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार 90 दिवसांचं वेळापत्रक सुरू होतं. पहिल्या 45 दिवसांत बँक खातेदारांची यादी आणि दावे डीआयसीजीसीकडे पाठवते, पुढचे 30 दिवस पडताळणीचे आणि शेवटच्या 15 दिवसांत पैसे. बँकेचं विलीनीकरण वा पुनरुज्जीवन चालू असेल तर आणखी 90 दिवस लागू शकतात.

खातेदाराने डीआयसीजीसीकडे थेट अर्ज करायचा नसतो. आपल्याच शाखेत संमतीचा अर्ज भरून द्यायचा. शाखेत त्याला ‘विलिंगनेस फॉर्म’ म्हणतात. सोबत आधार, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट यांपैकी ओळखीचा पुरावा आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा तपशील, कारण पैसे तिकडेच जमा होतात. संयुक्त खात्यावर सगळ्या खातेदारांच्या सह्या लागतात. बँकेने दिलेल्या तारखेच्या आत अर्ज गेला नाही, तर यादीतून नाव राहून जातं. म्हणून केवायसी आधीच अद्ययावत ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाचं दुसऱ्या बँकेत एक तरी चालतं खातं असू द्या.

परवानाच रद्द झाला, तर बँकेऐवजी अवसायक, म्हणजे बंद बँकेची देणी-घेणी निपटवायला नेमलेला अधिकारी, यादी पाठवतो आणि ती मिळाल्यापासून दोन महिन्यांत विम्याची रक्कम दिली जाते. 5 लाखांवरच्या पैशासाठी मात्र अवसायकाच्या वसुलीची वाट पाहावी लागते, आणि तिला अशी मुदत नाही.