मॅश : पडद्यामागील निर्मिती

अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवर १७ सप्टेंबर १९७२ ते २८ फेब्रुवारी १९८३ या काळात गाजलेली विनोदी मालिका. कोरियन युद्धातील (१९५०–५३) अमेरिकी सैन्याच्या एका फिरत्या शस्त्रक्रिया रुग्णालयात तिचे कथानक घडते. युद्ध तीन वर्षांत थांबले, मालिकेचे मात्र ११ हंगाम झाले.

लेखक लॅरी गेलबार्ट व निर्माते जीन रेनॉल्ड्स यांना मागून वाजणारा ध्वनिमुद्रित हशा नको होता. वाहिनी अडून बसली. अखेर शस्त्रक्रियागृहातील दृश्यांना हशा जोडायचा नाही, एवढे पदरात पडले. ब्रिटनमध्ये बीबीसीने मालिका हशाविना दाखवली आणि तेच तिचे अस्सल रूप म्हणावे लागेल. १९७४ मध्ये हे दोघे दक्षिण कोरियात गेले, तिथल्या लष्करी डॉक्टर-परिचारिकांशी बोलले. त्या मुलाखतींतून पुढे अनेक प्रसंग आले.

सर्वांत धाडसी प्रसंगही शस्त्रक्रियागृहातच घडतो. १८ मार्च १९७५ च्या भागात रुग्णालयाचा प्रमुख कर्नल हेन्री ब्लेक सेवामुक्त होऊन घरी निघतो. संहितेचे शेवटचे पान बहुतेक कलाकारांना आधी दिलेच नव्हते. बाकीचे चित्रीकरण आटोपल्यावर ते हाती आले : ‘रडार’ या टोपणनावाचा छावणीतील कारकून आत येतो आणि ब्लेकचे विमान पाडले गेल्याचे, कोणीही न वाचल्याचे सांगतो. दृश्य दुसऱ्यांदा चित्रित करताना कोणाच्या तरी हातून एक उपकरण खाली पडले. तो खणखणाट काढून टाकला नाही, हे फार योग्य झाले. त्या शांततेत तो काळजाला भिडतो. चिडलेल्या, दुखावलेल्या प्रेक्षकांची पत्रे ढिगाने आली.

रडार साकारणारे गॅरी बर्गहॉफ यांच्या डाव्या हाताची बोटे जन्मतः आखूड होती. हातातल्या कागदांच्या पाटीआड तो हात झाकला जाई. क्लिंगर या सैनिकाच्या पात्राच्या गळ्यातले ओळखबिल्ले अभिनेते जेमी फार यांचे स्वतःचे, त्यांच्या लष्करी सेवेतले होते.

बाहेरची छावणी कॅलिफोर्नियातील मालिबूच्या डोंगरांत उभारली होती. ऑक्टोबर १९८२ मध्ये वणव्यात ती जळाली. शेवटच्या भागाचे काम सुरूच होते. आग कथेतच घेतली गेली आणि शत्रूच्या बॉम्बमुळे वणवा पेटून छावणी हलवावी लागल्याचे दाखवले. मालिकेचे प्रमुख अभिनेते ॲलन अल्डा यांनी दिग्दर्शित केलेला तो अडीच तासांचा भाग सुमारे १०.६ कोटी लोकांनी पाहिला. छावणीची जागा आता मालिबू क्रीक स्टेट पार्कमध्ये आहे.