एक वाईट दिवस की वेडाचं घर: ‘द किलिंग जोक’ आणि ‘आर्कहम असायलम’

‘एक वाईट दिवस कुणालाही वेडा करू शकतो’ हे बॅटमॅनच्या कॉमिक्समधल्या खलनायकाचं, जोकरचं, म्हणणं आणि ‘जोकर वेडा नाहीच, तो अतिशहाणा आहे’ ही कल्पना अनेकदा एकाच पुस्तकाच्या नावावर खपवली जाते. प्रत्यक्षात पहिलं लेखक अॅलन मूर आणि चित्रकार ब्रायन बोलंड यांच्या ‘द किलिंग जोक’मधलं (1988) आहे, तर दुसरं लेखक ग्रँट मॉरिसन आणि चित्रकार डेव्ह मॅकीन यांच्या ‘आर्कहम असायलम’मधलं (1989). वर्षभराच्या अंतराने आलेली दोन्ही पुस्तकं डीसी या कॉमिक्स प्रकाशकाचीच आणि दोन्हींत बॅटमॅनसमोर जोकर. त्यात ‘द किलिंग जोक’ची सुरुवातही आर्कहमच्या, म्हणजे वेड्या गुन्हेगारांच्या इस्पितळाच्या, दारातच होते, भर पावसात. सरमिसळ होणारच. पण वेड म्हणजे काय, याबद्दल ही दोन पुस्तकं जवळजवळ उलट बोलतात.

‘द किलिंग जोक’मध्ये वेड ही एक घटना आहे. एक फसलेला विनोदवीर, गरोदर बायको, पैशाची चणचण आणि त्यापोटी स्वीकारलेलं चोरीचं काम. त्याच दिवशी बायको अपघातात जाते, तरीही चोर त्याला सोडत नाहीत आणि रात्री तो रसायनांच्या पाण्यात पडून जोकर होऊनच बाहेर येतो. हे खरं असेल, तर तो दिवस दुसऱ्या कुणावर लादला की तोही वेडा व्हायला हवा. म्हणून जोकर बार्बरा गॉर्डनला गोळी घालतो आणि तिच्या वडिलांना, पोलीस कमिशनर गॉर्डनना, जत्रेतल्या भुताच्या गाडीत बसवून तिचे जखमी अवस्थेतले फोटो दाखवतो. थोडक्यात, हा एक प्रयोग आहे, आणि तो फसतो. सुटका झाल्यावर गॉर्डन बॅटमॅनला बजावतात की त्याला कायद्याने पकड. जोकरचं वाक्य पोस्टरवर छापणारे नेमकं हेच पान विसरतात. पुस्तकाने ते वाक्य मांडलंय ते खोडण्यासाठी.

शिवाय तो भूतकाळ खरा की खोटा, हेही पक्कं नाही. आपल्याला तो कधी असा आठवतो, कधी तसा, असं जोकर स्वतःच सांगतो. त्यामुळे ‘जोकर मूळचा विनोदवीर होता’ हे ठाम विधान करता येत नाही.

बोलंडची रेषा स्वच्छ आणि चौकटी सरळ आहेत. वर्तमानातून भूतकाळात जाताना शेवटच्या चौकटीतला हावभाव पुढच्या चौकटीत दुसऱ्या माणसाच्या अंगावर तसाच येतो. कारण आणि परिणाम यांची साखळी अशी डोळ्यांनाच पटवली जाते. 2008च्या आवृत्तीत बोलंडने स्वतः नव्याने रंग भरले आणि भूतकाळ जवळपास कृष्णधवल करून मोजक्या वस्तूंना लाल रंग ठेवला. जुन्या आवृत्तीतले जॉन हिगिन्सचे रंग भडक, आजारी वाटावेत असे आहेत. दोन्ही आवृत्त्यांतली तीच पानं शेजारी ठेवली, तर गोष्टीचं तापमानच वेगळं लागतं.

‘आर्कहम असायलम’मध्ये मात्र असा एखादा दिवस शोधू नका, सापडणार नाही. इथे वेड वास्तूत मुरलेलं आहे, आणि ते वारशाने, उपचाराने, नुसत्या सहवासानेही लागतं. कैद्यांनी इमारत ताब्यात घेतली आहे आणि बॅटमॅन आत जातो ही एक कथा. संस्थेचा संस्थापक अमेडियस आर्कहम याची डायरी ही दुसरी. आईला छळणारं वटवाघूळ पुढे त्यालाही दिसतं. बायको आणि मुलगी यांचा खून करणाऱ्या रुग्णावर तो महिनोन्‌महिने उपचार करतो आणि मग विजेच्या धक्क्यांच्या पलंगावरच त्याला मारतो. लोक तो अपघात समजतात.

पुस्तकातला सगळ्यात नेमका मानसशास्त्रीय प्रसंग मात्र टू-फेसचा, बॅटमॅनच्या आणखी एका शत्रूचा, आहे. नाण्यावर निर्णय घेणाऱ्या या माणसाला आर्कहममधल्या डॉक्टर रूथ अॅडम्स आधी फासा देतात, म्हणजे दोनाऐवजी 6 पर्याय. मग टॅरो या भविष्य सांगायच्या पत्त्यांचा 78 पत्त्यांचा जोड. कागदावर हे सुधारणेसारखंच दिसतं. प्रत्यक्षात त्याला लघवीला जायचं की नाही हेही ठरवता येईना. चूक कुठे झाली? पर्याय वाढवले, पण निर्णयाचा भार पेलायला काही शिकवलंच नाही. नाणं हा आजार नव्हता, आधार होता. तो काढून घेतला आणि जागा रिकामी ठेवली. शेवटी परत मिळालेलं नाणं उडवून टू-फेस बॅटमॅनला जाऊ द्या म्हणतो, पण नाण्याची खरवडलेली बाजू, म्हणजे मृत्यूची, वर आहे. तो खोटं बोलतोय. घाईत वाचणाऱ्याची ही चौकट हमखास निसटते, आणि त्याच्या बरं होण्याची एकमेव खूण तीच आहे.

‘अतिशहाणपणा’चा सिद्धान्तही याच डॉक्टरांचा. जोकरला कायमचं व्यक्तिमत्त्वच नाही, तो रोज स्वतःला नव्याने घडवतो, असा त्यांचा तर्क. ज्यांनी टू-फेसची ही अवस्था केली, त्यांच्या तोंडचं हे वाक्य लोक निदान म्हणून उद्धृत करतात, याची गंमत वाटते.

मॅकीनची पानं रंग, फोटो आणि चिकटकाम यांची आहेत. बॅटमॅन बहुतेक वेळा नुसती सावली असतो. अक्षरलेखन गॅस्पर सलादिनोचं: बॅटमॅनचे शब्द संवादाच्या काळ्या फुग्यात पांढरे, जोकरचे लाल, फटकारलेले, आणि फुगा नाहीच. त्याच्या बोलण्याला कड नाही, हे वाचायच्या आधीच दिसतं. वाचायला त्रास होतो, ही तक्रार रास्त आहे. मोबाइलच्या पडद्यावर तर हा मजकूर लागतच नाही.

वैद्यकीय कसोटीवर दोन्ही पुस्तकं लंगडी आहेत, पण वेगवेगळ्या पायाने. भयंकर आघात सोसलेल्या बहुतेकांना आघातोत्तर तणावविकार होत नाही, आणि ज्यांना होतो ते खुनी बनत नाहीत. तेव्हा जोकरचा सिद्धान्त वास्तवातही टिकत नाही. त्याच्या वागण्यात भ्रम किंवा भास नाहीत. जत्रेची जागा मिळवणं, फोटो मोठे करणं, आर्कहमच्या कोठडीत आपल्या जागी तोतया बसवणं हे सगळं थंड डोक्याने आखलेलं आहे. मनोविकृतीपेक्षा (सायकोसिस, म्हणजे वास्तवाशी नातं तुटणं) समाजविघातक व्यक्तिमत्त्वाशी ते जास्त जुळतं. खरी मनोविकृती बघायची तर ती अमेडियसमध्ये दिसते. तिथे चूक होते ती वारशाला नियती मानण्यात. स्किझोफ्रेनियाचा धोका साधारण 1 टक्का असतो. आई किंवा वडिलांपैकी एकाला तो असेल तर सुमारे 10 टक्के होतो, म्हणजे अशा घरातल्याही बहुसंख्य मुलांना तो होत नाही.

आणि बार्बरा? प्रयोगाची खरी किंमत तिने मोजली, पण तिच्या मनात काय चाललंय हे ‘द किलिंग जोक’ विचारतच नाही. पुस्तकाची सगळ्यात मोठी उणीव हीच. व्हीलचेअरवरची ऑरॅकल म्हणून तिला स्वतःचा आवाज मिळाला तो नंतर, दुसऱ्या लेखकांकडून.

आधी ‘द किलिंग जोक’ वाचा. ते 48 पानांचं आहे, एका बैठकीत होतं. ‘आर्कहम असायलम’ घेताना 2004ची पंधराव्या वर्षाची आवृत्ती मिळाली तर उत्तम, कारण तिच्यात मॉरिसनची पूर्ण संहिता टिपांसह आहे. कुठलं चिन्ह कशासाठी आलं, ते तिथे कळतं. 2009चा त्याच नावाचा व्हिडिओ गेम ही वेगळीच गोष्ट आहे. तो खेळून पुस्तक समजल्याचं गृहीत धरू नका.